गाडी थांबायची म्हणून: कुळ्याची रेल्वे कॉलनी

दूधसागरचा धबधबा बघायला येणारे लोक गोव्यातल्या कुळ्याला उतरतात, जीपच्या काउंटरसमोर रांग लावतात, लाइफ जॅकेट भाड्याने घेतात, भिजतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. हे स्टेशन एवढं ऐसपैस का, असा प्रश्न त्यातल्या कोणाला पडलेला मी तरी पाहिला नाही. म्हणजे बघा ना, गाव केवढं, बाजार चालत दहा मिनिटांत संपतो, पण स्टेशनात रुळांच्या लाइनी किती, यार्ड केवढं, आणि पलीकडे झाडीत ते क्वार्टर्स ओळीने उभे. माझं लहानपण त्या क्वार्टर्समध्ये गेलंय, त्यामुळे कोणी विचारलं नाही तरी मी सांगणारच.

तर कारण असं की इथे गाडीला थांबावंच लागतं. कुळ्याच्या पुढे ब्रागांझा घाट, पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव दिलेला. घाटावरच्या कॅसलरॉक स्टेशनपर्यंत साधारण २६ किलोमीटर, आणि चढ कसा तर सगळ्यात उभ्या भागात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावर हा चढ तुम्हाला जाणवणारही नाही, स्कूटर आरामात जाईल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हटलं की हे फार झालं. पावसात रूळ ओला असला तर चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. म्हणून कुळ्याला गाडी थांबवायची, मागून जादा इंजिनं लावायची आणि मग ढकलत ढकलत वर न्यायची. मागच्या इंजिनाला बँकर म्हणतात. उतरताना तर जास्तच काळजी, कारण चढताना फार तर गाडी अडकेल, उतरताना सुटली तर संपलं. वर कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत, आणि घाटात कॅच सायडिंग आहेत, म्हणजे एखादी गाडी ताब्याबाहेर गेलीच तर तिला मुख्य लाइनीवरून काढून बाजूच्या चढावर घालायची, तिथे ती आपोआप थांबते. 

आता इंजिन जोडायचं म्हणजे माणसं लागतात. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, खलाशी, फिटर. वाफेच्या काळात तर कोळसा आणि पाणी भरणारी माणसं वेगळी. घाटातल्या रुळांसाठी गँगमन, कीमन, त्यांचा मुकादम. ह्या सगळ्यांना राहायला घरं, आणि वरून आलेल्या ड्रायव्हर-गार्डना झोपायला रनिंग रूम. अशी ती कॉलनी.

पण ही लाइन मुळात आली कुठून, तर मिठातून! डिसेंबर १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यात गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला आणि त्याबदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला ४ लाख रुपये द्यायचं ठरलं. त्याच तहात मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधायचंही ठरलं. १८८१ मध्ये लंडनला कंपनी निघाली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. यातलं गॅरंटीड म्हणजे प्रवाशाला सीट गॅरंटीड नव्हे हं, भांडवल घालणाऱ्यांना व्याज गॅरंटीड. रेल्वे चालो न चालो, पोर्तुगीज सरकार व्याज देणार, आणि ते द्यायला मिठाचे पैसे कामी यायचे. इकडे गोव्यातली मिठागरं बंद पडत गेली, ती पिढ्यानपिढ्या चालवणारे लोक देशोधडीला लागले. आमच्याकडे रेल्वे आली म्हणून प्रगती झाली असं शाळेत लिहायला लावायचे, ह्या मिठाचं कोणी सांगितलं नाही, मला ते फार नंतर वाचून कळलं आणि खरं सांगते, राग आला.

खालची सपाटीवरची लाइन १८८७ मध्ये सुरू झाली, घाट पुरा होऊन कॅसलरॉकशी जोडणी झाली १८८८ मध्ये. मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, मुरगावपासून हद्दीपर्यंत सुमारे ८२ किलोमीटर. पुढे वरच्या बाजूला सदर्न मराठा रेल्वे होती, तिनेच १९०२ मध्ये ही लाइनही चालवायला घेतली. म्हणजे जमीन पोर्तुगिजांची, कंपनी लंडनची, चालवणारे इंग्रजी राज्यातले आणि रुळावर घण मारणारे आपले लोक.

थांबायचं दुसरं कारण म्हणजे सरहद्द. १८७८ च्या तहामुळे मधल्या काळात जकात उठली होती, पण १८९२ मध्ये तो तह संपला आणि मग वर कॅसलरॉकला इंग्रजांची आणि खाली कुळ्याला पोर्तुगिजांची झडती परत सुरू झाली. मुंबईहून, पुण्याहून गणपतीला घरी येणारे गोवेकर ट्रंका उघडून उभे राहायचे. जुने लोक सांगायचे की एका अंगावर तीन-तीन लुगडी नेसून बाया उतरायच्या, कपडे नवे असले तर जकात, अंगावरचे असले तर नाही. पन्नासच्या दशकात उलटा धंदा, गोव्यात परदेशी माल मुबलक, तो वर न्यायचा, घड्याळं, पेनं, दारू. किती खरं किती मीठमसाला लावलेलं ते सोडून द्या, पण कुळ्याच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे अशी एक तरी गोष्ट असायची आणि गंमत म्हणजे त्यात पकडला गेलेला माणूस कायम दुसराच असायचा.

राममनोहर लोहियांनाही इथेच पकडलं. १८ जून १९४६ ची मडगावची सभा सगळ्यांना माहीत आहे, आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो. पण त्यानंतर सप्टेंबरात ते परत गोव्यात यायला निघाले तेव्हा कुळे स्टेशनवरच पोलिसांनी त्यांना गाडीतून उतरवून घेतलं आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. ह्याचं कुळ्याला केवढं कौतुक असायला हवं! पण जीपवाल्याला विचारा, लोहिया म्हटलं तर मडगावचं मैदान सांगेल.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीचा सत्याग्रह झाला आणि भारताने गोव्याची नाकेबंदी केली, गाडी बंद. त्यानंतर सहा वर्षं मुरगावची गाडी कुळ्यापर्यंत यायची आणि माघारी जायची. घाट ओस. जे गाव फक्त मधलं स्टेशन होतं ते एकदम शेवटचं स्टेशन झालं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, वरची लाइन परत जोडली गेली, आणि तेव्हा जी नवीन भरती आली त्यात मिरजेहून आमचे आजोबा आले. फायरमन. आजीला म्हणे सांगितलं होतं दोन वर्षांसाठी जायचंय.

कॉलनीत सगळे असेच कुठून कुठून आलेले. मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल, थेट विजयवाड्याकडचेसुद्धा. आमच्या एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला धारवाडकडचे गार्डकाका, समोर सासष्टीतले ख्रिश्चन ड्रायव्हर, त्यांना सगळे अंकल म्हणायचे. घरात आम्ही मिरजेची मराठी बोलायचो, शाळेत गोव्याची मराठी, खेळताना कोंकणी, आणि भांडताना जी भाषा आधी तोंडात येईल ती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर, त्यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्यातल्याच एका शाळेत आम्ही सगळे, तेलुगू पोरंसुद्धा मराठीतून पाढे म्हणायची आणि आमच्यापेक्षा फास्ट म्हणायची.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी. दगडी भिंत, वर मंगलोरी कौलं. आणि कोळशाची पूड! वाफेची इंजिनं माझ्या अगदी लहानपणी शेवटची शेवटची बघितली, पण आई सांगते की दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोयच नव्हती. इंजिन चढाला लागलं की काजळीचे कण कॉलनीवर पडायचे, म्हणून गाडीची वेळ बघून धुणं आत घ्यायचं. नंतर डिझेल इंजिन आलं, वायडीएम-४ नावाचं, तेव्हा आजोबा फार हळहळले पण आजी आणि आई दोघी एकदम खूष.

कॉलनीचं जेवण दोन दिशांनी यायचं. खालून सकाळच्या पॅसेंजरला मासे. वास्को, कासावलीकडच्या बायका टोपल्या घेऊन चढायच्या, मडगाव, सावर्डे करत करत कुळ्याला पोचायच्या, आणि गाडीचा आवाज आला की प्रत्येक दारातून कोणी ना कोणी ताट घेऊन निघायचं. गाडी लेट म्हणजे त्या दिवशी डाळ. पावही खालूनच यायचा. आणि वरून बेळगावची भाजी, कांदे, आजीसाठी ज्वारी, आणि बेळगावचा तरुण भारत. गोव्याचा गोमन्तक खालून आणि तरुण भारत वरून, त्यामुळे कॉलनीच्या चावडीवर दोन पेपर आणि दोन मतं कायम तयार. आजी शेवटपर्यंत म्हणायची की भाताने पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही, भाकरी पाहिजे. तिचं ज्वारीचं पोतं कोणत्या तरी गार्डच्या ब्रेकव्हॅनमधून यायचं. नियमात बसत होतं का, हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

बाबा पॉइंट्समन होते. त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे टोकन. लाइन एकेरी, दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरकडे त्या सेक्शनचा लोखंडी गोळा असल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. स्टेशनमास्तरच्या खोलीत लाल रंगाचं जड मशीन, समोरच्या स्टेशनाशी तारेने जोडलेलं, तिकडून घंटा वाजवून कबुली आली की हँडल फिरवायचं आणि आतून गोळा गडगडत बाहेर. क्रिकेटच्या बॉलएवढा पण चांगला वजनदार, त्यावर स्टेशनांची नावं कोरलेली. एक गोळा बाहेर असला की दोन्हीकडची मशीनं बंद, दुसरा निघणारच नाही. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, आणि कडं ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. थांबलेल्या गाडीला देणं सोपं. न थांबणारी एखादी मालगाडी किंवा नुसतं इंजिन असलं की बाबा फलाटाच्या टोकाला हात वर करून कडं धरून उभे, फायरमन खाली वाकलेला, त्याचा दंड कड्यात घुसायचा आणि त्याच क्षणी जुनं कडं तो खाली फेकायचा. बाबांच्या उजव्या दंडावर काळानिळा डाग कायमचा होता. चुकलं, कडं खाली पडलं तर गाडी थांबवायची, माणूस मागे पळत जाणार, आणि मग रिपोर्ट. रात्री पावसात हे करायचं म्हणजे काय असतं ते आता पोरांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं एक बटण दाबून का नाही केलं.

पाऊस हा स्वतंत्र विषय आहे. जूनमध्ये पावसाची एकदा झड लागली की घाटात गस्त सुरू. दोघं दोघं मिळून आपापल्या बीटवर रात्रभर चालणार, एका टोकाला दुसऱ्या बीटचे भेटले की वहीची अदलाबदल करून परत. हातात बत्ती, खांद्यावर झोळी, त्यात लाल झेंडा आणि फटाके. दरड दिसली तर एकाने इकडच्या बाजूला पळायचं, दुसऱ्याने तिकडे, आणि ठरलेल्या अंतरावर रुळावर फटाके बांधायचे, चाक त्यावर गेलं की धडाम आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. अंधार, धुकं, जळवा, आणि गवे. गव्याला बत्तीची भीती वाटत नाही, तो रुळावर उभा राहून बघत राहतो, मग आपणच थांबायचं. आमच्या मागच्या ओळीत राहणारा एक गँगमन जळवांसाठी पायाला तंबाखूचं पाणी चोळून जायचा, त्याची बायको आईला सांगायची की पावसाळाभर अंथरुणाला तोच वास. दूधसागरचं पाणी पुलावर उडतं, पर्यटक त्याचे रील करतात, आमच्या लोकांना त्या पुलावर पाय घसरायची भीती, बाकी काही नाही.

आणि हे काही जुनं झालं असं समजू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरामुळे मंगळूर-मुंबई गाडी ह्या मार्गाने वळवली होती, ती दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड येऊन घसरली, नशिबाने कोणाला काही झालं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेच कोळशाच्या मालगाडीचे डबे घसरले. मशीनं बदलली, डोंगर तोच आहे.

सणवार मात्र जोरात. गणपती दोन प्रकारचे, गोव्याची चवथ घरोघरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळा-पानांची चौकट, बांधून, आणि आमच्या मिरजेच्या लोकांचा सार्वजनिक गणपती कॉलनीत, वर्गणी पगाराच्या दिवशी, चुकवायची सोयच नाही. आरतीला ‘सुखकर्ता’ तेलुगू अम्मा सगळ्यात मोठ्याने म्हणायच्या, अर्थ माहीत नाही पण ताल पक्का. दसऱ्याला इंजिनांना हार, समोर नारळ, चाकाखाली लिंबू. नाताळला अंकलकडून दोदोल आणि नेवऱ्या. आणि श्रावणात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह, तेव्हा तर ड्युटी बदलून घ्यायला मारामारी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून अखंड भजन, रात्रभर फेरी, आणि खालची शेवटची गाडी कुळ्याहून गच्च भरून जायची. आम्हाला भजनापेक्षा खाज्यांत इंटरेस्ट होता हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग नव्वदच्या दशकात मीटर गेज उखडलं. ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं काम चालू असताना घाट बंद होता, आणि त्या मधल्या काळात कॉलनी जी रिकामी व्हायला लागली ती लागलीच. बदल्या झाल्या, कोणी हुबळी, कोणी मिरज, बाबांची वास्कोला. नवीन गाड्या आल्या पण टोकन गेलं, कोळसा-पाणी तर आधीच गेलेलं, दहा माणसांचं काम तीन माणसांत व्हायला लागलं. आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, मग मुंबईला जायला मिरजेला गाडी बदलायची गरजच उरली नाही. ह्याआधी गोव्यातून मुंबई म्हणजे एक तर बोट, नाहीतर एसटी-बस, नाहीतर हा घाट. आता मडगावला बसा, सकाळी दादर. चांगलंच आहे ते, मीही तसंच जाते. पण कुळ्याला कोण येणार?

आले ते पर्यटक. एका हिंदी पिक्चरमध्ये दूधसागरसमोर गाडी उभी दाखवली आणि मग तर विचारू नका. लोक गाडीतून उड्या मारून उतरायला लागले, रुळावरून चालत धबधब्याकडे, शेवटी २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी पकडून सगळ्यांना रुळाशेजारीच उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. मला हसू आलं, पण पुलावर गस्तीला जाणारी माणसं आठवली की वाटतं, दोन-चार जास्त काढायला लावायला हव्या होत्या.

गावाला आता जीपचा आधार आहे. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या तेव्हा ह्या भागात ट्रकवाल्यांचे फार हाल झाले, त्यानंतर दूधसागरचाच धंदा काय तो उरला, तोही पावसाळ्यात बंद. त्यामुळे पर्यटकांवर नाक मुरडणारे आम्ही, कॉलनी सोडून गेलेले लोक. इथे राहणाऱ्याला ते परवडत नाही.

दुसरा ट्रॅक टाकायचा विषय निघाला की मात्र आमच्या घरात आजही दोन तट पडतात. होस्पेट ते वास्को दुपदरीकरण. गोव्यात लोकांचं म्हणणं की हे सगळं मुरगाव बंदरातून कोळसा वर न्यायला चाललंय, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर गावात लोक रात्रभर रुळावर बसले होते. मग मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे ह्या टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. बाबांचं म्हणणं, एकेरी लाइनीवर माणसांचे किती हाल होतात ते आम्ही भोगलंय, दुसरी लाइन पाहिजेच. माझं म्हणणं, एकदा तो डोंगर पोखरला की दरडी वाढणार, आणि गस्तीला जाणारी पोरं आमच्यासारख्याच घरातली असणार. शिवाय हे अभयारण्य आहे, मोले. बाबा म्हणतात अभयारण्य नंतर आलं, रेल्वे आधी. मुद्दा चुकीचा नाही, पण म्हणून काय!

गेल्या दिवाळीत गेले होते. आमच्या ओळीतल्या काही क्वार्टर्सची कौलं गेलीत, आतून रुमडाचं झाड वर आलंय, आमच्या न्हाणीत तर चक्क माणसाएवढं वारूळ. काही घरांत अजून स्टाफ राहतो, बाहेर बाइक, वर डिशची छत्री. रनिंग रूम नवीन बांधलीय, एसी. दुपारची गोवा एक्सप्रेस आली, मागे बँकर लावायला थांबली, आणि त्या वेळात भजी-चहा विकणाऱ्या पोराने निम्मी टोपली संपवली. मी पण घेतली, तिखट एकदम बरोबर.

कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आमचा, हुबळी, मिरज, वास्को, एक जण तर मस्कतला. रोज गुड मॉर्निंगची फुलं, मधेच एखादा जुना फोटो. सध्या वाद चाललाय की इंजिनात पाणी भरायचा लोखंडी खांब फलाटाच्या सावर्डेकडच्या टोकाला होता की घाटाकडच्या. अंकलचा मुलगा म्हणतो घाटाकडे, बाबा म्हणतात दोन्हीकडे होते. कोणाकडे त्या बाजूचा फोटो असला तर पाठवा, म्हणजे आमच्या घरातलं एक तरी भांडण मिटेल.